नाव रिकामे ठेवता येत नाही

"मी आल्याबिगर पाळण्यात घालू नकोस. नाव आत्यानंच ठेवायचं असतंय. माझ्या मनात ठरलेलं हाय."

नणंदेचं, गौरम्माचं, ते बोलणं इतक्या वर्षांनी कानात वाजलं आणि शांतम्माचं बोट लॅपटॉपच्या कळेवर अडून राहिलं.

"टाका ना मावशी," धम्मप्रिया म्हणाली. "चावत न्हाई ते."

धम्मप्रिया अहमदपूरची. डॉक्टर व्हायचं म्हणून लातूरला आली, दोनदा परीक्षेत आपटली आणि यंदा वडिलांचा अबोला पत्करून कॉम्प्युटरच्या क्लासला बसली. राहायची शांतम्माच्या माडीवर, जेवायची खाली तिच्याच खानावळीत. आज दुपारी खानावळीची पंगत उठल्यावर ती लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरातच आली होती. घरातल्या माणसांची माहिती विचारणारा पायथनचा प्रोग्राम तिनं लिहिला होता. सरांनी बजावलं होतं, यातलं काही न कळणारं माणूस समोर बसवा. ते वेडंवाकडं काहीही टाकेल, तरी प्रोग्राम कोलमडता कामा नये.

"नीट उत्तर येईस्तोवर तोच प्रश्न फिरून फिरून विचारायचा," तिनं समजावलं होतं. "त्याला लूप म्हणतात."

"म्हंजी आमच्या सासूबाईच की," शांतम्मा हसली होती.

'मुले किती?' या प्रश्नाला तिनं आधी अक्षरात 'एक' लिहिलं. 'आकडा टाका', पडद्यावर उमटलं. आता बोट एकच्या कळेवर थांबलं होतं. ते हळूच शेजारी सरकलं आणि तिनं दोन दाबलं.

"दोन? तुम्हाला विरूपाक्षदादा एकटेच ना?"

पडद्यावर पुढचा प्रश्न आला होता. 'पहिल्या अपत्याचे नाव?' तिनं काही न लिहिता एंटर दाबलं.

'नाव रिकामे ठेवता येत नाही. पुन्हा टाका.'

तिनं पुन्हा एंटर दाबलं. तीच ओळ पुन्हा उमटली.

"कायपण टाका ओ मावशी. अबक टाका. खरं हाय का खोटं, त्याला काय कळतंय?"

"मला कळतंय की."

शांतम्मानं उगाच पदराला हात पुसले. मग खाली बघत म्हणाली, "भूकंपाच्या आधी झालती. पोरगी. विरूपाक्षाच्या आधीची. आत्या निलंग्याहून यायची होती, गणपती बुडवून. म्हणून बारसं थांबवलं."

धम्मप्रियानं पुढचं विचारलं नाही. गणपती बुडाले त्या रात्री किल्लारीकडं काय झालं, हे तेव्हा जन्मलेली नसूनही ती जाणून होती.

रोज सकाळच्या पूजेला शांतम्माच्या तळहातावर दोन इष्टलिंगं असत. एक तिच्या स्वतःच्या गळ्यातलं. दुसरं लहानसं, जन्मल्यावर बाळाच्या गळ्यात बांधतात तसलं, ढिगाऱ्यात मागाहून सापडलेलं. ते कुणाचं, हे विरूपाक्षानंही कधी विचारलं नव्हतं.

"आत्याला विचारलं न्हाई मग, काय नाव ठरवलंतं?"

"भूकंपानंतर पत्र्याच्या शेडात राहत होतो, तिथं आलती भेटायला. मला बघून ती गप्प, तिला बघून मी गप्प. तसंच पडून गेलं अंगवळणी."

"आता विचारा. फोन लावून देते मी."

"दिवाळीपासून लकवा हाय तिला. वाचा गेलीय. सून म्हणती, माणूस वळखू येत न्हाई."

बाहेर मोरीत पातेली ठेवल्याचा आवाज आला. धम्मप्रियानं लॅपटॉप स्वतःकडं ओढला.

"तीनदा रिकामं आलं की सोडून पुढं जा, असं पण सांगता येतं त्याला. एक ओळ घालते. झालं."

शांतम्मानं तिचं मनगट धरलं.

"नको. विचारू दे त्याला."

"मावशी, परवा सरांना दाखवायचंय."

"उद्या सांजच्याला नाव टाकते. तोवर बंद करू नको."

धम्मप्रियानं तिच्याकडं पाहिलं. मग उठून तिनं चार्जरची वायर मिक्सरच्या सॉकेटात लावली.

सकाळी ती खाली आली तेव्हा स्वयंपाक आवरलेला होता. सांडग्यांच्या बरणीशेजारी लॅपटॉप तसाच उघडा होता. त्या ओळीखाली कर्सरची रेघ लुकलुकत होती. शेगडीपाशी शांतम्मा डब्यात घुगऱ्या भरत होती. रात्री भिजवलेले हरभरे, मीठ, वर खोबऱ्याचे बारीक तुकडे. कपाळावरची विभूती अजून ओली होती.

"एवढ्या कुणाला, मावशी?"

"बारशाच्या घुगऱ्या आत्याच्या हातानं वाटायच्या असतात. तिला दाखवाव्या तर लागतील."

"त्या बोलल्या न्हाईत तर?"

शांतम्मानं डब्याचं झाकण दाबून बसवलं. "पोरी, पंगतीला भाजी वाढायला विसरू नको. फुलकोबी हाय," ती म्हणाली.

देव्हाऱ्यात आज एक जागा मोकळी होती. लहान लिंग पांढऱ्या रुमालात गुंडाळून तिनं डब्याशेजारी ठेवलं होतं. पिशवी नेहमीसारखी खांद्याला न अडकवता, दोन्ही हातांनी पोटाशी धरून ती निलंग्याची गाडी धरायला एसटी स्टँडकडं चालू लागली.