कोणी राहिलं का?

दाराच्या आतल्या बाजूला खिळ्याला अडकवलेला तो पुठ्ठा तेवढा उतरवायचा राहिला होता. बाकी सारे घर उतरले होते. भिंतींवर चित्रांच्या जागी फिकट चौकोन उरले होते, आणि उघड्या खिडक्यांतून फेब्रुवारीचे ऊन कोणी न बोलावलेल्या पाहुण्यासारखे आत येऊन बसले होते. पाच वाजता टॅक्सी यायची होती. सातच्या विमानाने शालिनी मुलाबरोबर पुण्याला जायची होती, कायमची. पण सकाळपासून तीनदा ती ह्या पुठ्ठ्यापाशी आली होती, आणि तिन्ही वेळा तिचे हात मागे फिरले होते.

पुठ्ठा बुटांच्या खोक्याचा होता. त्यावर लाल पेन्सिलीने, तिच्या नवऱ्याच्या, दीनानाथच्या उभ्या अक्षरात, एकाखाली एक लिहिलेले होते : नळ. गॅस. खिडक्या. तिकिटं. कोणी राहिलं का? प्रार्थना.

तीस वर्षांपूर्वी दीनानाथ ओहोळ हवाई दलात होता आणि नेमणूक आग्र्याला होती. ती दोघे नाताळसाठी नगरला निघाली, स्टेशनवर पोचली, पाच ट्रंका मोजून घेतल्या, आणि मग एकमेकांकडे पाहिले.

"निहार तुमच्याजवळ ना?"

"मला वाटलं तुझ्याजवळ."

चार वर्षांचा निहार घरी गव्हाच्या पिंपामागे सापडला, लपाछपी खेळता खेळता झोपी गेलेला. गाडी अर्थातच गेली होती. दीनानाथ कोणावर रागावला नाही. त्याने कात्री मागितली आणि खोक्याचे झाकण कापायला घेतले.

"विमानात मी आठवणीवर कधी विसंबत नाही," तो म्हणाला, "आणि घर मात्र आठवणीवर चालवतो. आजपासून एकानं वाचायचं, दुसऱ्यानं डोळ्यांनी पाहून उत्तर द्यायचं. पाठ असलं तरी वाचायचं. आणि उत्तर आलं नाही, तर पुढे जायचं नाही."

"म्हणजे आपल्या उपासनेसारखंच की," शालिनी रडता रडता हसली. "एक ओळ पाळकसाहेबांची, एक मंडळीची."

"मग? देवाला आधीपासून ठाऊक होतं. आम्हा वैमानिकांना उशिरा कळलं."

त्या यादीतला पाचवा प्रश्न हळूहळू पुठ्ठ्याबाहेर पडला आणि माणसात राहायला गेला. जोरहाटच्या पुरात अन्नाची पोती टाकून परतताना त्याने विमान पुन्हा एकदा वळवले. वरिष्ठांनी लेखी खुलासा मागितला, तेव्हा त्याने एकच ओळ लिहिली : बंधाऱ्यावर काही माणसे राहिली होती. पुढे आकाश खासगी कंपन्यांना खुले झाले. हवाई दलातून निवृत्त झालेला दीनानाथ त्यांतल्या एकीत कॅप्टन झाला आणि गुडगावच्या पालम विहारात त्याने हे घर बांधले. उतरणारी विमाने ह्या घरावरून जात. चहाचा कप हातात धरून, वर न पाहता, तो नुसत्या आवाजावरून म्हणे, "चाकं उघडली."

ह्याच घरात महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मराठी प्रार्थनासभा भरू लागली. करोल बागेतून सरकारी नोकरीतली कुटुंबे येत. नव्या काचेच्या कचेऱ्यांत पुण्या-मुंबईहून आलेली पोरे-पोरी येत. सभा संपली की दीनानाथ व्हॅनची किल्ली घेऊन दारात उभा राही आणि विचारी, "कोणी राहिलं का?" ह्या प्रश्नाला अनेक अर्थ असत. कोणाला घरी सोडायचे राहिले का, कोणी न जेवता राहिले का, कोणासाठी प्रार्थना करायची राहिली का. गाझियाबादचे गुणवंत पारधे एकदा काविळीमुळे आले नव्हते, तर तो त्याच रात्री उकडलेल्या बटाट्यांचा डबा घेऊन तिकडे पोचला होता.

गेल्या फेब्रुवारीत, गच्चीवर उन्हात बसला असताना, त्याचे हृदय थांबले. आज त्याला वर्ष झाले होते.

तीनची स्मरणसभा आटोपली. भाड्याच्या खुर्च्यांवर वीसेक माणसे चहा पीत बसली होती.

"वहिनी, एकदम बढिया डिसिजन," पारधे म्हणाले. "पुण्यात नातवंडं आहेत, हवा आहे. इथे काय आहे? धूळ आणि जनरेटर."

"आणि तुम्ही आहात की, भाऊजी."

"मी? मी तर धुळीतच मोडतो."

सगळे हसले. त्या हशात एक मुलगी बोलून गेली, "काकू, मग पुढची सभा कुठे?"

चेतना. सहा महिन्यांपूर्वी पुण्याहून एका संगणक कंपनीत आलेली. दीनानाथला तिने पाहिलेदेखील नव्हते. प्रश्न विचारल्याबरोबर तिने जीभ चावली. पण प्रश्न आता खोलीत उभा होता, आणि त्याला बसायला कोणी खुर्ची देईना. करोल बागेतल्या खोल्यांत दहा माणसे मावत नव्हती. गाझियाबाद फार दूर होते.

"बघू, काहीतरी होईलच," पारधे आपल्या कपात पाहत म्हणाले.

पावणेपाच झाले. निहारने बॅगा दाराशी आणल्या आणि पुठ्ठा खिळ्यावरून काढला.

"आई, पप्पांच्या पद्धतीनेच निघू या," तो म्हणाला. "तू उत्तर दे." त्याने पुठ्ठा डोळ्यांसमोर धरला, पण पहिल्या शब्दापाशीच थांबला. त्याने पुठ्ठा शेजारी उभ्या असलेल्या चेतनाच्या हातात दिला. "तू वाच. मला चष्मा... तू वाच."

चष्मा त्याच्या नाकावर होता.

"नळ?" चेतनाने वाचले.

"बंद!" न्हाणीघरातून कोणीतरी ओरडले.

"गॅस?"

"बंद. बिल्कुल बंद," पारधे.

"खिडक्या?"

एकामागून एक कड्या लागल्याचे आवाज आले. "बंद!" ह्या वेळी चार-पाच जण एकदम बोलले, उपासनेत मंडळी बोलते तसे.

"तिकिटं?"

"आहेत," निहार म्हणाला.

"कोणी राहिलं का?"

उत्तर शालिनीने द्यायचे होते. वर्षानुवर्षे ती ते हसत देत आली होती : कोणी नाही. आज ते दोन शब्द ओठांपर्यंत आले आणि थबकले. डोळ्यांनी पाहून उत्तर द्यायचे, हा नियम होता. तिने पाहिले. कोपऱ्यात गीतांच्या वह्यांचा गठ्ठा होता. तो कोणी न्यायचा, हे ठरलेच नव्हते. पारधे खिडकीची लावलेली कडी पुन्हा पुन्हा चाचपत होते. आणि दोन बस बदलून आलेली चेतना दोन्ही हातांत पुठ्ठा धरून तिच्याकडे पाहत होती. दीनानाथला कधी न भेटलेली ही मुलगी त्याचाच प्रश्न विचारत होती, आणि उत्तर आल्याशिवाय पुढे जाता येत नाही हे न सांगता ओळखून थांबली होती.

वर्षभर शालिनीला एकच भीती होती. आपण कुलूप लावू आणि निहारचे पप्पा आतच राहतील. आता तिला दिसले की ते आत नव्हतेच. ते केव्हाच ह्या माणसांत वाटले गेले होते. राहणार होती ती ही माणसे, बंद दाराबाहेर.

"हो," ती म्हणाली.

"काय हो?" निहारने विचारले.

"राहिलंय. मी राहिले."

‘राहिले’ म्हणताना तिला त्या शब्दाचे दोन्ही अर्थ हाताला लागले. कोणीतरी मागे टाकून गेलेली, आणि स्वतःहून थांबलेली.

निहारने तिची बॅग उचलून पुन्हा आत ठेवली. "तुम्ही दोघं मला विसरलात तेव्हा निदान स्टेशनपर्यंत तरी गेला होतात," तो म्हणाला. "तू तर निघायच्या आधीच परत आलीस."

"मे महिन्यात मुलांना घेऊन ये. गच्ची दाखवू त्यांना."

"वहिनी, मग गॅस?" पारध्यांनी विचारले.

"चालू करा. आणि भाऊजी, साखर कमी. मघाशी चहा नव्हता, पाक होता तो."

बाहेर भोंगा वाजला. निहारने आपली एकच बॅग उचलली आणि फाटकापाशी जाऊन टॅक्सीवाल्याला सांगितले, "भैया, एक ही सवारी जाएगी." शालिनी त्याच्या मागोमाग आली. पुठ्ठा आता तिच्या हातात होता.

"शेवटचं बाकी आहे," ती म्हणाली. "प्रार्थना?"

टॅक्सीचे इंजिन धडधडत होते. सात वाजता विमान होते. झाली म्हणून सांगितले असते तर चालले असते. मघाच्या सभेत झालीच होती. निहारने बॅग खाली ठेवली.

"राहिली," तो म्हणाला.

माणसे एकेक करून अंगणात आली, डोळे मिटून उभी राहिली. टॅक्सीवाल्याने क्षणभर पाहिले, आणि इंजिन बंद केले. डोक्यावरून एक विमान खाली येत होते.

"चाकं उघडली," शालिनी डोळे न उघडता पुटपुटली, आणि मग तिने प्रार्थनेला सुरुवात केली.