ऑर्विलचं उलटं मत

ऑर्विल स्कॉग्मो आमदार कसा झाला, हे त्याला स्वतःलाही धड सांगता यायचं नाही. व्हॅलबर्गचा जुना आमदार वारला, जागा रिकामी झाली, आणि याची बायको आर्डिस म्हणाली, "तुझं नाव टाकलंय मी. कोट इस्त्री करून ठेव." त्यानंतर सहा निवडणुका झाल्या. दारोदार फिरायची आर्डिस, कुणाची गाय व्याली, कुणाचा पाय मोडला, सगळी चौकशी आर्डिसची. हा मागे बटाट्याच्या पोळ्यांचा डबा धरून उभा. निवडून ती यायची, खुर्चीवर हा बसायचा.

मी मार्लिस एंगेब्रेट्सन. बिस्मार्क ही आमच्या राज्याची राजधानी. तिथल्या विधानसभेच्या सभागृहात मधल्या वाटेच्या अलीकडे आमचा पक्ष, पलीकडे त्यांचा. अलीकडच्या कडेला मी, पलीकडच्या कडेला ऑर्विल, म्हणजे बावीस वर्षांचा शेजार. एवढ्या काळात हा गडी चारदा बोलला. एकदा हीटर बंद करा म्हणून, एकदा परत लावा म्हणून. बाकीचे दोन प्रसंग मला आता आठवत नाहीत, आणि त्यालाही आठवत नसणार.

आमच्याकडे प्रत्येकाच्या टेबलावर दोन बटणं असतात. हिरवं म्हणजे हो, लाल म्हणजे नाही. दाबलं की समोरच्या फळ्यावर आपल्या नावापुढे दिवा लागतो. मी सगळं वाचून आलेली असते, त्यामुळे मतदान पुकारलं की माझा दिवा पहिला. ऑर्विल मान वर करून माझा दिवा बघायचा आणि त्याच्या उलटं बटण दाबायचा. एकदा मी त्याला रंगेहाथ पकडलं.

"अरे, काही वाचतोस की नाही?"

"तू वाचतेस ना. दोघांनी कशाला डोळे फोडायचे?"

"आणि माझ्या उलट का?"

"तुला जे नको तेच आमच्या पक्षाला हवं असतं. आजवर चुकलोय का सांग."

नव्हता चुकला, मेला. मी कुणाला बोलले नाही, आणि खरं सांगायचं तर मला त्यात मजाच वाटायची.

गेल्या अधिवेशनाला मात्र मजा राहिली नाही. आर्डिसची स्मृती जाऊन तीन वर्षं झाली होती. व्हॅलबर्गच्या वीस खाटांच्या वृद्धाश्रमात ती होती. तो आणि तसलेच आणखी नऊ आश्रम चालू ठेवायचं विधेयक आलं. ते पडलं तर जूनमध्ये व्हॅलबर्गच्या आश्रमाला टाळं, आणि आर्डिसची रवानगी दीडशे मैलांवर. त्या विधेयकावर ऑर्विलचं नाव होतं. बावीस वर्षांतलं पहिलं. मांडताना तो पाचव्यांदा बोलला. "अध्यक्ष महाराज, हे गरजेचं आहे," म्हणाला आणि बसला.

आमच्या पक्षाचं लाल ठरलेलं. आमचा नेता लायल क्रेमर सकाळी नाश्त्याला प्रत्येकाच्या टेबलापाशी जाऊन बजावून गेला होता. पण माझा नवरा गेला तेव्हा ही आर्डिस आठ दिवस माझ्या स्वयंपाकघरात भांडी घासत होती, पक्ष न विचारता. मी मनाशी ठरवलं, हिरवं दाबायचं. लायलनं कटकट करू नये म्हणून कुणाला सांगितलं नाही. मतदान पुकारलं, मी हिरवं दाबलं, आणि स्वतःवरच खूश होऊन पलीकडे बघितलं. ऑर्विलनं फळ्याकडे बघितलं आणि शांतपणे लाल दाबलं.

मी "अरे अरे" म्हणेपर्यंत मतदान बंद झालं होतं. मंजुरीला अठ्ठेचाळीस हवी होती. पडली सत्तेचाळीस.

ऑर्विल फळ्यावर आपलं नाव शोधत होता. सापडलं तसा तो माझ्याकडे वळला.

"मार्लिस, तू हिरवं का दाबलंस?"

"तुझ्यासाठी, गाढवा."

"मग आधी सांगायचं ना गं."

त्याचं बरोबर होतं. इतकी वर्षं त्याची सवय ठाऊक असून त्या दिवशी ती माझ्या डोक्यातून साफ निघून गेली होती. माझ्या शहाणपणापायी आर्डिस दीडशे मैल जाणार होती.

एक वाट होती. पडलेल्या विधेयकाचा फेरविचार मागता येतो, पण तो जिंकलेल्या बाजूला मत दिलेल्यानंच मागायचा. मी हरलेल्यांत, विधेयक हवं असणारे सगळेच हरलेल्यांत. जिंकलेल्यांत असून ज्याला ते हवं होतं असा सभागृहात एकच माणूस होता. आणि तिकडे लायल कोटाची बटणं लावत होता. तो उठून तशी सूचना मांडणार आणि फेरविचाराचं दारही कायमचं बंद करून टाकणार, हे मी ओळखलं.

"ऊठ," मी म्हटलं.

"कारण विचारतील."

"मग सांग."

"बटण बिघडलं होतं म्हणू?"

"म्हण. बटण तपासायला माणूस येईल, तोवर लायलचं बोलून झालेलं असेल."

"हसतील गं सगळे. आर्डिसनं एवढी वर्षं खपून माझी अब्रू राखली."

"आता तू तिची खोली राख."

ऑर्विल उठला. "अध्यक्ष महाराज, फेरविचार व्हावा."

अध्यक्षांनी चष्म्यावरून बघितलं. "माननीय सदस्यांनी स्वतःच्याच विधेयकाविरुद्ध मत दिलंय. कारण कळेल का?"

"मी मार्लिसचा दिवा बघून उलटं दाबतो. आज ती चांगलं वागली, त्यानं घोटाळा झाला."

सभागृह खदखदून हसलं. मागून कुणीतरी विचारलं, "आणि बाकीची बावीस वर्षं?"

"तीही तशीच," ऑर्विल म्हणाला. खाली बसला मात्र नाही. हसणं ओसरेपर्यंत टेबल धरून उभा राहिला. "माझी बायको त्या आश्रमात आहे. ती मला ओळखत नाही. पण मला यायला उशीर झाला की दाराकडे बघत बसते, असं तिथली नर्स सांगते. दीडशे मैलांवर कोण सांगणार मला? हे सगळ्यांना ठाऊक असेल असं वाटलं, म्हणून मघाशी बोललो नाही."

फेरविचार मंजूर झाला. पुन्हा मतदान पुकारलं तसा तो माझ्याकडे वळून कुजबुजला, "तू थांब जरा." मी हात मांडीवर ठेवले. त्यानं वाकून हिरवं बटण नीट शोधलं आणि अंगठ्यानं दाबून धरलं. मग मी दाबलं. त्रेपन्न झाली. लायलचं लालच होतं, पण उठून बोलायचं त्यानं टाळलं.

ऑर्विल बाहेरच्या बाकावर बसून आश्रमाला फोन करत होता. त्याला कमी ऐकू येतं, त्यामुळे फोनचा आवाज मोठा, आणि मी तिथून हलले नाही.

"आर्डिस?"

"कोण बोलतंय?"

तो बाकावर सरळ बसला. "तुमच्या भागाचा आमदार बोलतोय, बाई. तुमचा आश्रम चालू राहणार आहे."

"मला कुणी बंद होणार म्हणून सांगितलंच नव्हतं. पण बरं झालं फोन केलात. इथल्या सूपमध्ये नुसते बटाटे असतात, पिठाचे गोळे शोधावे लागतात. तुम्ही लोक तिकडे करता तरी काय?"

"बघतो, बाई."

"बघतो म्हणू नका, सगळे तेच म्हणतात. येऊन चाखा."

"शनिवारी येतो."

"शनिवारी नको," आर्डिस म्हणाली. "शनिवारी आमचा ऑर्विल येतो."