टेकचंदच्या हातातला प्लग

प्रेमिलाने मशीनवरचं पोतं ओढलं तेव्हा टेकचंदने तोंड फिरवलं. वर्षभराची धूळ सुतारकामाच्या दुकानभर उडाली. बाहेर केशोरीच्या रस्त्यावरून धानाचा ट्रॅक्टर गेला आणि पत्रे थोडा वेळ थरथरत राहिले.

चौकटींचे कोपरे तिरपे कापणारी ती विजेची कटर मशीन टेकचंदने हौसेने आणली होती. सांधा असा जुळायचा की नख शिरणार नाही. तिनेच त्याच्या उजव्या हाताची चार बोटं नेली. अंगठा तेवढा ठेवला. तेव्हापासून तो हात खांद्यावरच्या दुपट्ट्याखाली असायचा, जेवतानासुद्धा. टेकचंदला मशीन भंगारात घालायची होती. त्याच्या बायकोला, प्रेमिलाला, ती चालवायची होती, स्वतःच्या हाताने. मोजमाप आणि पॉलिश ती आधीपासून करतच होती. त्याने अखेर हो म्हटलं, पण साफसफाई आपल्या डोळ्यांदेखत व्हावी या अटीवर. हिचेही हात गेले तर, या एका विचाराने त्याचा जीव खाल्ला होता.

"पयले प्लग काढ," तो म्हणाला.

"लाईन गेली आहे न. पंखा बंद दिसत नाही काय तुमाले?"

"लाईन गेली होती म्हणूनच तं..."

मशीनचं बटण सारखं दाबून धरावं लागतं आणि दिवसभरात बोट भरून येतं, म्हणून त्याने बटणावर सायकलच्या ट्यूबचा पट्टा आवळला होता. चालू-बंद काय ते भिंतीवरच्या बोर्डावरून. अशी अक्कल चालवणारा तो काही एकटा नव्हता. त्या दिवशी भर कामात लाईन गेली. बसल्या बसल्या भुसा तरी काढू म्हणून त्याने पात्याखाली बोटं घातली. बोर्डाचं बटण चालूच राहिलं होतं, आणि लाईन आली.

प्रेमिलाने प्लग उपसला. टेकचंदने दुपट्ट्यातून उजवा हात बाहेर काढून पुढे केला.

"माह्याजवळ दे."

तो डावा हात पुढे करील असं तिला वाटलं होतं. तिने प्लग त्याच्या तळव्यावर ठेवला, आणि त्याने तो अंगठ्याने दाबून धरला.

ट्यूबचा पट्टा अजून बटणावर तसाच होता. तिने तो चाकूने कापून फेकला आणि ब्रश घेतला. वरचा भुसा सागाचा, पिवळसर होता. आत पात्यावरच्या झाकणाच्या, गार्डच्या, घडीत मात्र त्याचे काळपट गोळे झाले होते. त्यातला एक उचलताना तिचा हात थांबला. भुसा कशाने काळा पडला हे दोघांनाही कळलं. झाडूने लोटावेत असे ते गोळे नव्हते. तिने जुना पेपर पसरला आणि एकेक करून त्यावर ठेवले.

"पाना उलटा फिरव. पात्याच्या बोल्टाचे आटे उलटे आहेत," टेकचंद म्हणाला. "अन् पात्याले उघडा हात नको लावू. फडकं घे."

तिने फडक्यात धरून पातं काढलं, साबणाच्या पाण्यात बुडवलं, दातांवरचा चीक जुन्या टूथब्रशने घासला आणि पातं कोरडं केलं.

"एखादा दात तडकला काय?"

"नाही. सगळे धड आहेत."

ते ऐकून त्याचा चेहरा कडू झाला. मशीनचं काहीच बिघडलं नव्हतं.

पातं बसवून तिने बोल्ट आवळला. गार्ड आपोआप मिटतो का, हे पाहायला ती तो वर-खाली करू लागली. बोटं पात्याला लागूनच होती. तेवढ्यात डोक्यावरचा पंखा गरगरला आणि शेजारची आटाचक्की घरघरू लागली.

"हात काढ! प्रेमिला, हात काढ!"

तिने हात काढले. मशीन मुकी बसून होती. टेकचंद पांढराफटक पडला होता.

"अवो, प्लग तुमच्याजवळच तं आहे," ती म्हणाली. पाणी पिऊन ती परत आली. "द्या आता. एक लाकूड कापून पाहू."

तो हलला नाही.

"द्या न."

"नाही जमत."

"काऊन?"

"बोटं उघडून नाही राहिली."

तिने हाताकडे पाहिलं. अंगठ्याखाली प्लग होता. पलीकडे गुळगुळीत कातडी, आणि तिथे हात संपत होता.

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून. मूठ आवळलीच आहे. नखं रुततात. रातभर रुततात."

इतके दिवस एका छताखाली झोपून तिला हे ठाऊक नव्हतं. तिला त्याची फार दया आली, आणि सांगितलं नाही म्हणून संतापही आला. ती त्याच्यासमोर बसली आणि त्याचा हात तिने मांडीवर घेतला. करंगळी जिथे असती तिथे, मोकळ्या हवेत, तिने चिमूट धरली आणि हळूच बाहेर वळवली. टेकचंदने डोळे मिटले. मग तिने शेजारचं बोट धरलं.

"मधल्याचं नख खोल आहे," तो म्हणाला. "हळू."

तिने हळू केलं. शेवटचं बोट सरळ झालं तेव्हा अंगठा सैल पडला आणि प्लग घरंगळून फरशीवर गेला. तिने तो उचलला नाही. उचलायला हात मोकळा नव्हता. त्यात टेकचंदची बोटं होती.