दादाचा पहिला घास

आई गेल्यापासून माझे दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. दादाने आपल्याला वेळेवर कळवलं नाही, असं धाकट्याचं म्हणणं. फोन त्याचाच बंद होता, पण हे त्याला कोण सांगणार! मी मधली, इकडचे निरोप तिकडे पोचवून जीभ झिजली माझी. शेवटी एकाचं दुसऱ्याला न कळवता दोघांनाही या जपानी नूडल्सच्या, म्हणजे रामेनच्या दुकानात बोलावलं. समोर लांब फळी, उंच स्टुलं, पलीकडे वाफेत उभा आचारी. इथे भांडायला जागाच नाही, असा माझा अंदाज.

आले, आणि मला मध्ये घालून बसले. समोर तीन वाडगे आले. दाट रस्सा, नूडल्स, वर अर्धं अंडं.

"जेवा रे," मी म्हटलं.

"थोरल्यांच्या आधी मी कधी जेवलोय?" धाकटा वाडग्याला म्हणाला.

दादा भिंतीला म्हणाला, "त्याला सांग, आधी माझ्याशी बोल. मग मी घास घेईन."

घ्या! पूर्वरंग सरेना आणि आख्यान लागेना. वाफ विरली, नूडल्स फुगू लागल्या. आचाऱ्याने पळी आपटली.

"आवडलं नाही का?"

"तसं नाही हो, पण थोरले..." धाकटा पुटपुटला.

"थोरले-धाकटे घरी! हे अन्न कुणासाठी थांबत नाही. पहाटेपासून रस्सा उकळलाय, आणि तुम्ही लगदा करून ठेवा! द्या इकडे, टाकून देतो."

माझंही टाळकं सटकलं. "टाका, खुशाल टाका! देवाने समोर ठेवलेलं ज्यांना मानापुढे दिसत नाही, ते उपाशीच बरे. आज आई असती तर लाटणं घेऊन उठली असती!"

"अहो, टाकताय काय?" दोघे एकदम ओरडले. चारही हात वाडग्यांवर. आईने कधी शीतसुद्धा टाकू दिलं नव्हतं.

दादाने तिरीमिरीत मोठा भुरका मारला. लगोलग धाकट्याने. वर्षभर अबोला धरला, पण दादाच्या घासाची वाट बघायची सोडली नव्हती मेल्याने! दादा त्याच्याकडे बघत राहिला. मग आपलं अर्धं अंडं त्याच्या वाडग्यात ढकललं.

"घे. लहानपणी पळवायचास."

"दादा..." धाकट्याने अंडं उचललं. "फोन चालू ठेवीन यापुढे."

"ठेव. आणि उचल."

बस्स, एवढंच! एवढ्यासाठी वर्षभर मला पोस्टमन केलं होतं दोघांनी! संतापाने मी नूडल्स खायच्या काड्या उचलल्या.

"बाई," आचारी माझ्या वाडग्याकडे बघत गुरगुरला, "तुमचं काय?"

माझा तर पार लगदा झाला होता.