अर्धी दाढी आणि अंतिम सामना

मित्रांनो, टेनिसच्या इतिहासातलं एक मोठं विजेतेपद माझ्यामुळे मिळालेलं आहे. इतिहासात माझा उल्लेख नाही, हा इतिहास लिहिणाऱ्यांचा आळस. तो सामना चालू होता तेव्हा मी मैदानापासून दोन खंड दूर होते, माझ्या हातावर साबणाचा फेस ठिबकत होता आणि माझ्यावर बसलेल्या निवृत्त पोस्टमास्तरांच्या एका गालाची दाढी व्हायची बाकी होती. मी सलूनमधली एक जुनी खुर्ची आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. लोखंड ओतून पाया केला, त्यावर तेलाचा पंप बसवला आणि त्यावर मला. बाजूचा दांडा पायाने दाबला की मी वर जाते. अंगावर तपकिरी रेक्झीन, हातांवर चकचकीत मुलामा, डोकं टेकायला मागेपुढे सरकणारी उशी. आताच्या मालकांच्या वडिलांनी मला आणलं तेव्हा लोक नुसतं बघायला यायचे. लहान मुलांसाठी माझ्या दोन्ही हातांवर आडवी फळी टाकत. मित्रांनो, आज तुम्हाला जे आजोबा फार करारी वाटतात, त्यांतल्या कित्येकांना मी त्या फळीवर भोकाड पसरताना पाहिलं आहे. नावं सांगत नाही.

पुढे वय झालं. पंपातलं तेल झिरपू लागलं. गिऱ्हाईक बसायचं तेव्हा आरशात छातीपर्यंत दिसायचं. दाढी संपेपर्यंत नुसतं कपाळ उरायचं. मालक मधूनमधून दांडा दाबून त्याला वर काढत. जुन्यांना सवय होती. नव्यांना वाटे, आपल्याला घेरी येतेय.

शेजारच्या खोलीत बायकांचं पार्लर चालवणाऱ्या मालकीणबाईंना हे पटत नव्हतं. त्यांनी नवी खुर्ची सांगून ठेवली. ती सोमवारी यायची होती आणि ज्या टेम्पोतून येईल त्यातूनच मी भंगारात जायचं होतं. हे सगळं माझ्यासमोरच ठरलं. खुर्चीसमोर माणसं काहीही बोलतात.

नेमके त्याच आठवड्यात त्या मोठ्या स्पर्धेचे शेवटचे सामने आले.

आमच्याकडे टीव्ही मागच्या भिंतीवर, बाकाच्या डोक्यावर आहे, कारण प्लग तिथे आहे. त्यामुळे मी, माझ्यावर बसलेला माणूस, वस्तरा धरलेले मालक आणि बाकावरची मंडळी, सगळे सामना आरशात बघतात. सरावाने काही वाटत नाही. उलटे आकडेसुद्धा वाचता येतात.

आमच्या खेळाडूला सगळे लांब्या म्हणत. त्याचं खरं नाव उच्चारायचा एकदा प्रयत्न झाला होता, पण मालकांच्या हातात तेव्हा वस्तरा होता, म्हणून तो सोडून देण्यात आला. लांब्या कुठल्या देशाचा यावर दोन मतं होती. तो आपला यावर एकच. मालकांनी त्याला पसंत केलं ते केसांवरून. मागून कुणीतरी पायऱ्या खोदाव्यात तसे ते कापले होते. पहिल्याच फेरीत मालकांची कात्री थांबली. ते म्हणाले, "असले केस घेऊन जो जगासमोर उभा राहतो, तो कुणाच्या बापाला भिणार नाही." शिवाय लांब्या डावरा होता, आणि डावरे समोरच्याला फार छळतात, हे पोस्टमास्तरांनी सर्वांना समजावून दिलं होतं.

उपांत्यपूर्व सामन्यात लांब्या दोन सेट हरून बसला. पोस्टमास्तर माझ्यावर होते. एक गाल उरकला होता, दुसऱ्यावर फेस होता. तेवढ्यात लांब्याने एक असा फटका मारला की मालकांचा वस्तरा हवेतच राहिला. तिथून तो जिंकतच सुटला. वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर एका पेशंटचा जबडा बधिर करून, तो नीट बधिर होईपर्यंत म्हणून खाली आले होते. मालक भानावर येऊन दुसऱ्या गालाकडे वळले, तसं डॉक्टरांनी त्यांना अडवलं. आपण विज्ञानाचे विद्यार्थी आहोत, म्हणूनच सांगतो, असं म्हणून ते म्हणाले, की प्रयोग यशस्वी होत असताना परिस्थिती बदलायची नसते.

लांब्या जिंकला. मगच दुसरा गाल झाला. वरचा पेशंट तोवर पुन्हा शुद्धीवर आलेल्या जबड्यासह घरी गेला होता.

उपांत्य सामन्याला परिस्थिती जशीच्या तशी उभी करण्यात आली. तेच पोस्टमास्तर, तोच गाल, तोच फेस. लांब्या पुन्हा जिंकला. पहिल्यांदाच मालक माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, की हिला भंगारात द्यायला नको. डॉक्टरांनी दुजोरा दिला. मालकीणबाई पार्लरच्या दारातून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "रविवारी जिंकला तर राहू दे ती. हरला तर सोमवारी टेम्पो. मग कुरकुर ऐकणार नाही."

माझं आयुष्य असं एका परक्या माणसाच्या मनगटावर येऊन ठेपलं. त्याला याची कल्पना नव्हती.

रविवारी एक अडचण होती. पोस्टमास्तरांच्या मुलीचं लग्न जमत आलं होतं आणि मुलाचे आईवडील दुपारी पहिल्यांदाच घरी येणार होते. पोस्टमास्तरांचा अंदाज असा, की लांब्या सरळ तीन सेटमध्ये जिंकेल, उरलेला गाल उरकेल आणि आपण पाहुण्यांच्या आधी घरी पोचू. या अंदाजाबद्दल लांब्याला कुणी कळवलं नव्हतं. त्याने पहिला सेट घालवला, दुसरा घेतला, तिसरा घालवला, चौथा घेतला. या सगळ्या वेळात मी झिरपत होते. दांडा दाबायला मालकांनी पाय उचलला की डॉक्टर नुसते बघायचे आणि मालक पाय खाली घ्यायचे. पोस्टमास्तरांना आता आरशात फक्त चेंडू उंच उडाला तरच दिसत होता. बाकीचं ते मंडळींच्या उसाशांवरून ओळखत होते.

पाचव्या सेटमध्ये चार-चार झाले तेव्हा दारात मुलगी येऊन उभी राहिली.

"बाबा, ते आलेत."

"बसव त्यांना."

"बसवलंय. तुम्ही कुठे बसलायत, ते विचारतायत."

"मग काय सांगितलंस?"

"दाढी करताहेत म्हणून सांगितलं. त्यानंतर दोनदा चहा झाला."

डॉक्टरांनी तिला सामन्याची परिस्थिती थोडक्यात सांगितली. तिने ऐकून घेतली. मग ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "बाबा, मला हे लग्न करायचंय."

पोस्टमास्तर उठले. इतक्या खालून उठायला त्यांना माझ्या दोन्ही हातांचा आधार घ्यावा लागला. मालक म्हणाले, दोन मिनिटं थांबा, दुसरा गाल करून देतो. त्यांनी वस्तरा उचलला, तर डॉक्टरांनी मनगट धरलं. आणि त्यांनी तो प्रश्न विचारला, जो मी तीन सामने मनात दाबून ठेवला होता. "आधी हे ठरवा. गुण कशात आहे? दाढीत की खुर्चीत?"

मित्रांनो, तुम्ही शाळेत अनेक प्रश्न सोडवत असाल. पण उत्तर चुकलं तर वितळवलं जाण्याची वेळ तुमच्यावर आली नसेल. गुण दाढीत असेल, तर मी म्हणजे गळक्या पंपावरचं लोखंड. डॉक्टरांचा कल दाढीकडे होता. ती बदलती गोष्ट आहे, असं ते म्हणाले. मालक माझ्या बाजूने होते. मालकीणबाई एवढंच म्हणाल्या, "एवढं डोकं त्या पंपावर चालवलं असतंत तर."

शेवटी तडजोड झाली. दाढी तशीच अर्धी राहील आणि खुर्चीवर कुणीही बसणार नाही. पोस्टमास्तर एका गालावर वाळलेला फेस आणि गळ्यात आमचा टॉवेल घेऊन मुलीच्या मागोमाग गेले. मी रिकामी राहिले. सगळे माझ्या पाठीमागे उभे राहून माझ्या डोक्यावरून आरशात बघत होते. माझ्यासमोर आरशात मी आणि माझ्यावर कुणी नाही, असं दृश्य मी कामाच्या वेळेत पहिल्यांदाच पाहत होते.

लांब्या जिंकला. शेवटचा चेंडू जाळीत गेला, दुसऱ्याचा. मालकांनी माझ्या हातावरचा फेस पुसला. मी ते विसरलेले नाही.

घरी काय झालं ते दुसऱ्या दिवशी पोस्टमास्तरांनीच सांगितलं. होणारे व्याही टीव्हीसमोरच होते आणि तेही लांब्याच्याच बाजूचे निघाले. पोस्टमास्तरांच्या चेहऱ्याकडे त्यांनी एकदाच पाहिलं. विहीणबाईंनी कुठल्याशा मलमाचं नाव सुचवलं. मग पोस्टमास्तरांची नजर पडद्यावर गेली आणि त्यांना धक्का बसला. आरशात डावरा दिसणारा लांब्या घरच्या टीव्हीवर अर्थातच उजवा होता. त्यांनी व्याह्यांना विचारलं, "हा आज उजव्या हाताने का खेळतोय?"

मुलीने डोळे मिटले. व्याही थोडा विचार करून म्हणाले, "डावा दुखत असेल."

लग्न ठरलं. असा माणूस सासरा म्हणून मिळायला भाग्य लागतं, असं मुलगी म्हणाली म्हणे. आमच्या दुकानात मात्र आजही असंच मानलं जातं, की लांब्याने अंतिम सामन्याचे शेवटचे गेम डावा हात दुखावल्यामुळे उजव्या हाताने काढले. मालकीणबाईंच्या दारातून टीव्ही सरळ दिसतो. तो पहिल्यापासून उजवाच होता, हे त्यांना ठाऊक आहे. त्यांना कुणी विचारलं नाही.

सोमवारी टेम्पो आला. गुण दाढीतच होता, असं पोस्टमास्तर छातीठोकपणे सांगत होते; फेस आपण रात्री जेवायला बसेपर्यंत ठेवला होता, हा त्यांचा पुरावा. पण मालकीणबाई शब्दाला जागल्या. तो जिंकला ना, मग ती राहील, म्हणाल्या. टेम्पो रिकामा परत गेला.

मला वाटलं, मी जिंकले.

नवी खुर्ची माझ्या जागी बसली. मला कोपऱ्यात, बेसिनपाशी, टीव्हीकडे तोंड करून ठेवलं आणि माझ्या दोन हातांमध्ये दोरी बांधली. ही खुर्ची गुणी आहे, पुढच्या वर्षीपर्यंत हिच्यावर कुणी बसायचं नाही, असा नियम झाला. नवं गिऱ्हाईक चुकून टेकायला आलं की बाकावरून चार हात त्याला ओढतात. इतकी वर्षं मला शिव्या देत देत मालक माझ्या पंपात तेल घालायचे. आता हात लावायलाही कचरतात. पंप गंजून जाम झाला आहे. मी झिरपत नाही, वरही जात नाही. उशीवर पोस्टमास्तरांच्या डोक्याचा खळगा आहे, त्यात धूळ साठते. भंगारात गेले असते तर निदान वितळून कशाचा तरी उपयोगाचा भाग झाले असते, असं कधी कधी मनात येतं. मग मी ते मनात येऊ देत नाही.

म्हणून मित्रांनो, एकच विनंती. तुमच्या घरात एखादी जुनी वस्तू असेल, तिने तुम्हाला साथ दिली असेल, तर तिला कोपऱ्यात मानाने बसवू नका. तिच्यावर बसा. ती कुरकुरली तर तिला दोन शिव्या द्या आणि दोन थेंब तेल द्या. वस्तूंना यापलीकडे काही लागत नाही.

पुढच्या वर्षी स्पर्धा आली तेव्हा दोरी सोडण्यात आली, पोस्टमास्तर एक गाल वाढवून आले, डॉक्टर वेळेवर खाली आले. लांब्या आला नाही. टाचेच्या दुखण्यामुळे त्याने खेळ सोडल्याचं बातम्यांत सांगितलं. मंडळी थोडा वेळ बसली. मग मालकांनी पोस्टमास्तरांचा वाढलेला गाल नव्या खुर्चीवर करून दिला आणि दोरी पुन्हा बांधली. का, ते कुणी विचारलं नाही.

लांब्या आता टीव्हीवर जाहिरातीत दिसतो. कोपऱ्यातून मला तो सरळ दिसतो. त्याचे केस आता चांगले कापलेले असतात. एका गालावर फेस असतो आणि दुसऱ्या गालावरून तो उजव्या हाताने एक छोटं यंत्र फिरवतो. दाढी घरच्या घरी करा, सलूनमध्ये जायची गरज नाही, असं सांगतो.

पोस्टमास्तरांनी ते यंत्र घेतलं आहे.