सव्वासातचा मंत्र

"आली! आली!"

गच्चीवरची चाळीस माणसं एकदम मागे सरली. सौदीतल्या अल खर्जबाहेरच्या वाळवंटातून एक हिरवी रेघ निघून सरळ आभाळात घुसली होती. आवाज नाही, धूर नाही. डेअरीच्या वसाहतीत आम्ही आठ दिवस ती पाहत होतो आणि रोज मला भीती वाटत होती. मी आसावरी, इथल्या भारतीय शाळेत विज्ञान शिकवते. सांगायला लाज वाटते, पण खरं आहे.

सदानंद महाराज पुढे झाले. महाराज कसले, पाण्याच्या टँकरचे ड्रायव्हर!

"हा व्योमदंड! लेकरांचा श्वास ओढतो! दम्याच्या पंपातल्या औषधाचा वास लागला की त्या घरात आधी शिरतो! ओम् व्योम, सिग्नल खंडम्, फट् स्वाहा!"

'सिग्नल' कुठल्या वेदात आहे, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. सव्वासातला त्यांनी हात उंचावला आणि रेघ विझली. बायका रडत त्यांच्या पाया पडल्या.

शेजारच्या मंजिरीने त्याच दिवशी सात वर्षांच्या रेवाचा दम्याचा पंप लपवला.

तिसऱ्या दिवशी दुपारी भिंतीपलीकडून शिट्टीसारखा आवाज आला. मी धावले. रेवा उशीवर ओणवी बसली होती, ओठ निळसर, प्रत्येक श्वासाला बरगड्या आत जात होत्या.

"पंप कुठाय?"

"आसावरीताई, नको! तो येईल!"

"मंजिरी, पोर जाईल!"

तिची नजर तांदळाच्या डब्याकडे गेली. तिने माझं मनगट धरलं, नखं रुतली. मी तिला ढकललं, तांदळाच्या डब्यातून पंप काढला आणि रेवाला औषध देत गाडीकडे पळाले. इस्पितळात डॉक्टर एवढंच म्हणाले, "आणखी अर्धा तास गेला असता तर..."

तक्रार करायची कुणाकडे? इथे जादूटोणा हा मोठा गुन्हा; त्याचं नाव निघालं की सगळ्यांच्याच इकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर येतं. म्हणून लोक भीत होते आणि गप्पही होते.

दुसऱ्या सकाळी मी एकटीच रेघेच्या दिशेने गाडी काढली. वीस किलोमीटरवर कुंपण, चार पांढरे कंटेनर आणि हैदराबादचा तंत्रज्ञ मुझम्मिल.

मी अडखळत रेघेबद्दल विचारलं. तो हसला नाही.

"मॅडम, वो लायडार है."

अवकाशातून अतिवेगवान कण येतात. ते हवेवर आदळले की अगदी पुसट प्रकाश उमटतो आणि इथल्या दुर्बिणी तो टिपतात. पण हवेत धूळ किती, हे माहीत नसेल तर मूळ प्रकाश किती होता हे कसं कळणार? म्हणून लेझरचे ठोके वर सोडायचे आणि धुळीवरून परतणारा उजेड मोजायचा; तोच लायडार. रोज सातला सुरू, सव्वासातला बंद.

"ये टाइम बाहर किसको मालूम है?" मी विचारलं.

त्याने फाटकावरचा कागद दाखवला. "पानी के टँकरवाले सदानंदभाई को. लेझर चालू रहे तो गाडी अंदर नहीं छोडते." त्या दिवशी गुरुवार होता. मग तो म्हणाला, "आज जुमेरात है. आज से हर जुमेरात को जाँच होती, साढेसात तक चलता. कागज पे अभी लिखा नहीं."

महाराज सगळ्यांसमोर उघडे पडावेत म्हणून त्या संध्याकाळी मी मुद्दाम गप्प राहिले. सव्वासात वाजले. महाराजांनी हात उंचावला. "फट् स्वाहा!"

रेघ तशीच.

पुन्हा मंत्र. पुन्हा. त्यांचा आवाज चिरकला. कुणीतरी किंचाळलं, "मंत्र चालत नाही! आता आपण मेलो!" लोक जिन्याकडे लोटले, एक म्हातारी खाली पडली. तेव्हा मला कळलं, मी गप्प राहून केवढी चूक केली होती.

"थांबा!" मी घसा फोडून ओरडले. "ती साडेसातला विझेल! मी महाराज नाही, मी तिथल्या फाटकावर विचारून आलेय!"

म्हातारीला उठवून, तिचा हात धरून मी सगळं सांगत राहिले. साडेसात वाजले. रेघ विझली. कुणी हात उचलला नव्हता.

"सदानंदराव, का केलंत?" मंजिरीने विचारलं.

ते खाली बघत म्हणाले, "अकरा वर्षं इथे आहे. पहिल्यांदाच कुणीतरी माझं ऐकत होतं."

"माझी पोरगी ऐकता ऐकता मेली असती," ती म्हणाली.

भीती मलाही वाटली होती, विज्ञान शिकवत असूनही. भिण्यात पाप नाही. पण भ्यालेल्या माणसाला कुणी औषध बंद करायला सांगितलं, तर त्याने आधी डॉक्टरला विचारावं. आभाळात काही दिसलं, तर ते कुठून निघतं हे जाऊन पाहावं. मला उशीर झाला होता. तुम्ही उशीर करू नका.