पट्टी उलटी लावली तेव्हा

जर्मनीतल्या येनामधल्या त्या लेझरच्या कारखान्यात मोजणीची खोली म्हणजे लोझेबाईंचं राज्य. थोडंथोडकं नाही, बावीस वर्षांचं! नखाएवढ्या लेझरच्या पट्टीवर एकोणीस बारीक ठिपके उजळायचे. बाई भिंगातून त्यांचा मोठा फोटो घ्यायच्या आणि ठिपके एका रेषेत आहेत की मधेच फुगलेत, ते सांगायच्या. बाई सरळ म्हणाल्या की सरळ.

आणि आता ही वीबके! हॅम्बुर्गची अठ्ठावीस वर्षांची पोर, स्वतः जुळवलेलं मोजणीचं नवं यंत्र त्याच खोलीत मांडून बसली. महिन्याभरात सगळे पट्ट्या घेऊन तिच्याच टेबलाकडे पळायला लागले. तिने वाढदिवसाला आणलेला प्लमचा केकसुद्धा चांगला निघाला, त्याचाही बाईंना राग आला. यंत्र एकच ठेवायचं, आणि कोणाचं ते खात्याचे क्यूनर्टसाहेब आज ठरवणार होते.

नेमकं आजच एका पट्टीवर दोघींचं जुळेना. बाईंच्या फोटोत रेघ सरळ, वीबकेच्या फोटोत मधोमध दोन मायक्रॉन वर. बाईंच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

"तुझं भिंगच वाकडं गं! पट्टी उलटी करून लाव. बाक पट्टीत असेल तर उलटेल, भिंगात असेल तर तसाच राहील. पहिल्याच दिवशी शिकवलं होतं मी."

वीबकेने लावली. बाक मुकाट खाली वळला. म्हणजे पट्टीच वाकडी होती.

"मग तुमच्या यंत्रावर सरळ कशी दिसली?" क्यूनर्ट म्हणाले. "तिथेही उलटी लावून बघा, आलोच मी." आणि फोन वाजला म्हणून ते बाहेर गेले.

जगाला शिकवता शिकवता स्वतःचं भिंग बाईंनी सात वर्षांत तपासलं नव्हतं. पट्टी उलटी लावली, तर पडद्यावर चार मायक्रॉनचा बाक! पट्टी जितकी वर, तितकंच भिंग खाली ओढत होतं आणि दोष झाकत होतं.

वीबकेने पाहिलं. दाराकडे नजर टाकून ती हळूच म्हणाली, "लोझेबाई, मागच्या आठवड्यात टेबल सरकवलं ना, तेव्हा तुमचं भिंग हललं असेल. मी सांगते साहेबांना."

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. टोमणा मारला असता तर परवडलं असतं! चांगुलपणातही हीच पुढे?

"काही गरज नाही!" बाई कडाडल्या. क्यूनर्ट दारात आले होते. "साहेब, भिंग माझंच वाकडं आहे. सात वर्षं बघितलं नाही मी. टेबल-बिबल काही नाही."

मग वीबकेकडे वळून म्हणाल्या, "खोली घेतलीस ना? चूक तरी माझी मला राहू दे."